बार्बियाना: डोंगरावरची छोटी शाळा आणि आपला हजेरीपट

वाचन: लूक १५:१-७



या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी एक शाळा निवडली आहे. ती इटलीतली आहे, आज ती चालू नाही, आणि चालू होती तेव्हाही तिची सुरुवात अवघ्या सहा मुलांनी झाली होती. मग पाड्यांवर अभ्यासिका चालवणाऱ्या आपण तिचा अभ्यास का करायचा? त्याचे कारण सांगण्याआधी मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेत चौथीतली एक मुलगी येत असे. दिवाळी झाली की तिचे आईवडील वीटभट्टीवर जात, आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेत. त्या वर्षी होळीला ते परत आले. मुलगी दुसऱ्याच दिवशी अभ्यासिकेत हजर. मी तेव्हा अपूर्णांक शिकवत होते. ती मागे बसली. तीन दिवस आली, चौथ्या दिवसापासून आली नाही. वर्षाच्या अहवालात मी तिच्या नावापुढे लिहिले, ‘स्थलांतरामुळे गळती’. असे लिहिले की कोणी काही विचारत नाही. देणगीदारांनाही ते पटते, कारण ते बऱ्याच अंशी खरेच असते.

पावसाळ्याच्या तोंडावर आठवडी बाजारात तिची आई भेटली. शेवळे विकायला बसली होती. मी विचारले, पोर का येत नाही? ती म्हणाली, “बाई, आली होती ना. तुमचा धडाच पुढं गेला होता.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला उत्तर सुचेना, म्हणून दोन जुड्या घेतल्या आणि घरी आले.

आता त्या शाळेकडे वळू.

बार्बियाना हे गावही नव्हे. फ्लॉरेन्स शहराच्या उत्तरेला मुजेल्लो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्यातल्या मोंते जोवी डोंगराच्या उतारावर विखुरलेली घरे, एक जुने चर्च आणि लहानसे कब्रस्तान, एवढाच हा धर्मग्राम. आपण ज्याला पाडा म्हणतो तसाच, फक्त घरे दगडी. १९५४ मध्ये तिथे गाडीरस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. लोक मालकाची जमीन अर्धेलीने कसत आणि मेंढरे-गुरे राखत. माणसे डोंगर उतरून शहराकडे निघाली होती, आणि एवढ्या थोड्या लोकांसाठी धर्मग्राम चालू कशाला ठेवायचा, असाही विचार झाला होता. मुले पाच वर्षे प्राथमिक शाळेत जात. पाचही इयत्ता एकाच खोलीत, एकाच शिक्षकासमोर. दोनशिक्षकी शाळा ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना याहून अधिक वर्णन नको.

त्या वर्षीच्या डिसेंबरात फादर लोरेन्झो मिलानी तिथे पोहोचले. वय ३१. फ्लॉरेन्समधल्या सधन, विद्याव्यासंगी घरातला मुलगा, आई ज्यू कुळातली. विशीत चित्रकला शिकता शिकता त्यांना श्रद्धेची ओढ लागली आणि १९४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर सात वर्षे ते कालेन्झानो या गिरणी-कामगारांच्या गावात मदतनीस धर्मगुरू होते. तिथे त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रशाळा चालवली. त्यांचे स्पष्ट बोलणे वरच्यांना रुचत नसे. बार्बियानाला झालेली नेमणूक म्हणजे शिक्षाच आहे, हे सगळ्यांना कळत होते. त्यांनी मात्र पोहोचताच पहिल्या एक-दोन दिवसांत खाली व्हिक्कियोच्या नगरपालिकेत जाऊन तिथल्या कब्रस्तानात स्वतःसाठी जागा विकत घेतली. बदलीची वाट पाहत बसणार नाही, हे लोकांना सांगण्याची ही त्यांची रीत होती. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. आपण प्रकल्पाच्या मुदतीची भाषा बोलतो, तीन वर्षे, पाच वर्षे. लोक मात्र आपण किती दिवस राहणार हे आपल्या चपलांकडे बघून ओळखतात.

शाळा चर्चशेजारच्या घरात भरे. पाचवी झाल्यावर ज्यांचे शिक्षण थांबायचे अशा मुलांसाठी ती होती. सुरुवातीची सहा मुले वाढत वीसेकांवर गेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जवळजवळ बारा तास आणि वर्षाचे बाराही महिने. रविवार नाही, नाताळची सुट्टी नाही, खेळाचा तास नाही. ऐकायला भयंकर वाटते, पण त्या मुलांपुढे पर्याय काय होता ते बघा. शाळा नसेल तर गोठा. एका मुलाकडे घरच्या ३६ गायी होत्या. आपल्याकडे उन्हाळी सुट्टीत करवंदे विकणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या मुलांना ‘सुट्टी कशी गेली’ यावर निबंध लिहायला सांगतात. तो विनोद त्या डोंगरावरच्या मुलांना लगेच कळला असता.

टेबले, बाकडी, कपाटे मुलांनीच बनवली. भिंतीवरचे नकाशे आणि तक्ते त्यांनीच काढले. तारे मोजण्याचे उपकरणही हाताने तयार केले. पाण्याची भीती जावी म्हणून अंगणाखाली छोटा हौद बांधला आणि त्यात पोहायला शिकले. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. एखादा शब्द अडला की त्याचे मूळ, त्याचा इतिहास, तो कोण कशासाठी वापरतो, असे करत अर्धा दिवस जाई. परकीय भाषा ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून शिकत आणि थोडी मोठी मुले उन्हाळ्यात काम करायला इंग्लंड-जर्मनीला जात. भिंतीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिलेले होते, ‘आय केअर’, म्हणजे मला याची पर्वा आहे. मुसोलिनीच्या लोकांची आवडती घोषणा होती, ‘मला काय त्याचे’. तिच्या नेमके उलट हे दोन शब्द होते.

आपल्या अभ्यासाचा मुद्दा मात्र बाकड्यांचा नाही. या शाळेत नापास करणे नव्हते आणि गुणही नव्हते. जो सर्वांत मागे, तो सर्वांत लाडका. वर्गातल्या शेवटच्या मुलाला कळेपर्यंत धडा पुढे जात नसे. ज्यांना कळले त्यांनी न कळलेल्याला शिकवायचे, त्यामुळे बारा-तेरा वर्षांची मुले शिक्षक होती. हुशार मुलाचे नुकसान होत नाही का, असा प्रश्न येतोच. आमच्या बैठकीतही आला. ज्याने कधी लहान भावाला भागाकार समजावला आहे, त्याला याचे उत्तर ठाऊक आहे: आपल्याला स्वतःला भागाकार तेव्हाच नीट कळतो.

आता वाचनाकडे या. शंभर मेंढरांचा दाखला आपण प्रवचनात इतक्या वेळा ऐकतो की त्यातले नुकसान आपल्याला दिसेनासे होते. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे कुठे ठेवतो? कोंडवाड्यात नाही, रानात. म्हणजे तो जोखीम घेतो. बार्बियानात हा दाखला वेळापत्रक होऊन बसला होता. मी मात्र त्या होळीनंतर नव्याण्णव घेऊन अपूर्णांकांच्या दिशेने निघाले होते आणि मला त्याचे समाधानही वाटत होते, कारण अभ्यासक्रम वेळेत संपत होता.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या वारली, कातकरी आणि भिल्ल मुलांशी सर्वांत जवळचा दुवा इथे आहे.

बार्बियानाची मुले शहरी, पुस्तकी इटालियन बोलत नसत. त्यांच्या पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. एक मूल रेडिओला ‘लाल्ला’ म्हणते. बाप गंभीरपणे दुरुस्त करतो, तसे म्हणू नये, ‘आराडिओ’ म्हणावे. शाळेच्या दृष्टीने दोघेही चूक. पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे की रेडिओ म्हणायलाही मुलाने जरूर शिकावे, त्याचा उपयोग आहे, पण तोवर त्याला शाळेबाहेर काढता येणार नाही. इटलीच्या राज्यघटनेत भाषेवरून भेद करू नये असे लिहिले आहे, आणि मुलांनी ते कलम शोधून शिक्षिकेपुढे ठेवले. फादर मिलानींची धारणा होती की गरीब आणि श्रीमंत यांत खरे अंतर पैशापेक्षा शब्दांचे असते. ज्याला आपले म्हणणे मांडता येते आणि दुसऱ्याचे समजते, तो कोणाच्या हाताखाली राहत नाही. म्हणून ते व्याकरणाचे पाठांतर करून घेत नसत, शब्द देत असत.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात पाड्यावरचे मूल पहिलीत येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी जवळजवळ दुसरी भाषा असते. कोळीभाजी, करटोली, कुर्डू अशा डझनभर रानभाज्या कुठे आणि कोणत्या आठवड्यात उगवतात हे त्याला माहीत असते. ते मूल वर्गात गप्प बसते आणि आपण ‘मंद’ असा शेरा मारतो. मी स्वतः मारला आहे. त्या चौथीतल्या मुलीच्या वहीवर माझ्या अक्षरात ‘वाचन कच्चे’ असे आजही लिहिलेले असेल. तिच्या घरी वाचायला दुसरे काही होते का, हे मी कधी विचारले नाही.

धर्माचा प्रश्न बैठकीत येणारच, तेव्हा तोही मोकळेपणाने घेऊ. आपल्या अभ्यासिकांत येणारी बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत, आणि गावात कुजबूज असते की हे लोक शिकवतात कशासाठी. कालेन्झानोच्या रात्रशाळेत साम्यवादी कामगारही येत. त्यांच्यापैकी कोणाला शाळा परकी वाटू नये म्हणून फादर मिलानींनी वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस उतरवून ठेवला होता. एका धर्मगुरूने असे करावे याने तेव्हा बरीच खळबळ झाली. त्यांच्या धर्मसेवेच्या अनुभवांवरचे पुस्तक १९५८ मध्ये आले आणि त्याच वर्षअखेर रोमच्या आदेशाने ते विक्रीतून काढून घ्यावे लागले. तरीही त्यांनी चर्च सोडले नाही, आज्ञाभंग केला नाही आणि शाळाही सोडली नाही. माझे मत विचाराल तर, शिकवणे हे आमिष होऊ नये, एवढे भान त्या उतरवलेल्या क्रूसाने मला दिले. आपण भिंतीवर काय लावतो यापेक्षा मागच्या रांगेतल्या मुलाशी कसे वागतो, यावरून लोक आपल्या प्रभूला ओळखतात. कोणाचे मत वेगळे असेल तर बैठकीत जरूर मांडावे.

आता त्या पुस्तकाबद्दल. बार्बियानाची दोन मुले शिक्षक होण्यासाठीच्या अभ्यासक्रमाला गेली आणि परीक्षेत नापास झाली. त्यातून आठ मुलांनी मिळून, जवळजवळ वर्षभर खपून, नापास करणाऱ्या शिक्षिकेला एक लांबलचक पत्र लिहिले. मे १९६७ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. आपल्या केंद्रात एखादी प्रत अवश्य असावी. इटलीच्या घटनेने आठ वर्षांच्या शिक्षणाची हमी दिली होती आणि १९६२ च्या कायद्याने ११ ते १४ वयाच्या सर्व मुलांसाठी एकच शाळा केली होती. मग मुले जातात कुठे? बार्बियानाच्या मुलांनी शाळांच्या नोंदी मिळवल्या, नापास झालेल्यांच्या बापांचे धंदे लिहिले आणि तक्ते मांडले. गळणारी मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची निघाली, डॉक्टरांची नव्हेत. आपल्या कायद्यातही आठच वर्षे आहेत, सहा ते चौदा. म्हणून हे तक्ते वाचताना परके वाटत नाहीत.

त्या पुस्तकातले सगळे मला पटते असे नाही. शिक्षिकेवर मुले फार कठोर आहेत. पाच वर्ग, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणे एकट्याने ओढणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मी रोज पाहते. त्यांच्यावर बोट ठेवणे मला जमणार नाही. शाळेतही उणिवा होत्या. मुली फार थोड्या आल्या, कारण बाईमाणसाला शिकून काय करायचे असे तिथल्या आईबापांना वाटे, आणि शाळेला ते फारसे मोडता आले नाही. फादर प्रसंगी मुलांवर हातही उचलत. ते आपण करायचे नाही, कायदाही त्याला मनाई करतो आणि आपली श्रद्धाही. शिवाय सगळा भार एका माणसावर होता. १९६० पासून ते कर्करोगाने आजारी होते, शेवटी अंथरुणावरून शिकवत. सैन्यसेवा नाकारणाऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल १९६५ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा न्यायालयात जाण्याचीही ताकद नव्हती, म्हणून त्यांनी आपला बचाव लिहून पाठवला. पुस्तक निघाल्यावर महिनाभरात, २६ जून १९६७ रोजी, ते गेले. वय ४४. याजकाची वस्त्रे आणि पायांत डोंगरातले बूट, असे त्यांना त्या विकत घेतलेल्या जागेत पुरले. शाळा त्यांच्यामागे फार दिवस टिकली नाही. पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस त्या कबरीपाशी प्रार्थनेला आले.

मग यातून आपण काय उचलायचे? बारा तासांची शाळा आपल्याला शक्य नाही. मी दोनच गोष्टी उचलल्या.

पहिली हजेरीपटाची. होळीनंतर भट्टीवरून मुले परतली की आमचा चालू धडा थांबतो. किमान दोन आठवडे जुनेच चालते, आणि सहावी-सातवीची मुले शिकवतात. दोन पालकांनी तक्रार केली, त्यांची मुले नवोदयच्या परीक्षेला बसणार होती. त्यांना वेगळा वेळ दिला. अहवालात आता ‘स्थलांतर’ हा शब्द एकटा लिहायचा नाही; मूल परत आले होते का आणि आले तर कुठल्या दिवशी पुन्हा थांबले, हे पुढे लिहायचे. पहिल्याच वर्षी हा रकाना भरताना माझा हात जड झाला.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. बार्बियानाची मुले एकत्र लिहीत. ही पद्धत त्यांनी मारिओ लोदी नावाच्या दुसऱ्या एका शिक्षकाच्या भेटीनंतर घडवली. सुचेल ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे, एका चिठ्ठीवर एकच विचार. मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या असतील त्या काढायच्या, जवळच्यांचे ढीग करायचे, ढिगांचा क्रम लावायचा. मग लिहायचे, मोठ्याने वाचायचे, आणि ज्या शब्दावाचून चालते तो खोडायचा. शेवटी बाहेरच्या कोणाला तरी, शक्यतो कमी शिकलेल्या माणसाला, वाचून दाखवायचे. त्याला कळले नाही तर चूक लिहिणाऱ्याची.

आम्ही हे सकाळच्या एसटीवर करून पाहिले. आमच्या फाट्यावर गाडी थांबतच नाही, मग मुलांचे पहिले दोन तास बुडतात. पहिल्या दिवशी नऊ मुलांच्या चिठ्ठ्यांत एकच वाक्य होते, गाडी थांबत नाही. मी म्हटले, किती दिवस थांबत नाही? कोणालाच माहीत नव्हते. मग महिनाभर फाट्यावर उभे राहून त्यांनी तारखा लिहिल्या. गाडी न थांबल्याने पायी गेलेले कोण, परत घरी गेलेले कोण, तेही लिहिले. पहिल्या मसुद्यात ‘आपणास नम्र विनंती करण्यात येते की’ अशी सुरुवात होती, कारण अर्ज असाच असतो असे त्यांनी ऐकले होते. ती त्या चौथीतल्या मुलीच्या आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, गाडीचं कुठं आलं यात? तेव्हा ती ओळ गेली आणि तारखा वर आल्या. ती मुलगी आता मोठी झाली आहे, शाळेत परत आली नाही. पण रविवारी संध्याकाळी चिठ्ठ्यांच्या वेळी येऊन बसते. धाकटा भाऊ मात्र रोज येतो.

येत्या बैठकीला प्रत्येकाने आपापल्या केंद्राचा गेल्या वर्षीचा हजेरीपट आणावा. ज्या नावांपुढे रेघ मारली आहे त्यांतल्या एकाच मुलाच्या घरी त्याआधी जाऊन यावे, आणि आईवडील जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे, आपल्या भाषेत बदलू नये. कोरे कागद आणि कात्री केंद्रात आहे.

पत्र आगारात जाऊन दोन महिने झाले. लेखी उत्तर आलेले नाही. गाडी आता आठवड्यातून तीन-चार दिवस थांबते. मुले तारखा अजून लिहीत आहेत.